तामियाच्या डोंगरात विजेच्या तारेशिवाय हिवाळा : सासूबाईंना दोन महिने आणायचं आहे, काय काय पाहून ठेवावं?

सांदवाडी
१४ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली, नागपुरातच नोकरी केलेली. तीन वर्षं झाली, आम्ही दोघं मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या पुढे, पाताळकोटाच्या दरीच्या कडेला राहतो. सासरची जुनी जागा आहे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू (कौलं), पुढे छपरी, मागे सांदवाडी, म्हणजे परसबाग. विजेचा शेवटचा खांब खालच्या ढान्यात (वाडीत) आहे, तिथून आमच्यापर्यंत दीड किलोमीटरचा चढ. तेवढे खांब उभे करायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सोलर. पाणी झिरियाचं, म्हणजे डोंगरातल्या पाझराचं. पंपानं नळीतून टाकीत चढतं, आणि टाकी घरापेक्षा उंचावर असल्यानं उतारानंच घरात पोचतं.

आता धाग्याचं कारण. महालातलं घर पाडून नवीन बांधायला काढलंय. धाकटे दीर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेले. सासूबाई ७६ वर्षांच्या. त्यांनी आपणहून सांगितलं, "मी डोंगरावर येते. दोन महिने काढीन." उन्हाळ्यात त्या इथे राहून गेल्या आहेत, थंडीत कधीच नाही.

नागपूरची थंडी आपल्याला ठाऊक आहे. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता तेव्हा मी महालातच होते, मोलकरणीला त्या दिवशी भांडी घासू दिली नव्हती. पण नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, आम्ही हजाराच्या आसपास. शिवाय तिथे चारी बाजूंनी घरं असतात, भिंतीला भिंत लागून. इथे वारा थेट दरीतून येतो.

तरी खरं सांगू का, मला थंडीपेक्षा उन्हाची काळजी जास्त आहे. आमच्या नैर्ऋत्येला डोंगराची एक धार आहे. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो, तेव्हा ती धार आडवी येत नाही, सहापर्यंत ऊन असतं. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि पावणेचारलाच त्या धारेमागे जातो. नागपुरात साडेपाचला सूर्यास्त, आमच्या अंगणात पावणेचारला. म्हणजे बॅटरी चार्ज होणं थांबतं, कपडे वाळणं थांबतं, वाळवण उचलावं लागतं, आणि पाच मिनिटांत गारठा अंगाला भिडतो. मागच्या वर्षी मी छपरीच्या खांबावर खडूनं खुणा करून ठेवल्या, कोणत्या तारखेला सावली कुठे येते त्याच्या. या घरातला सगळा हिवाळा त्या खुणांवर चालतो.

आमच्याकडे ३३० वॅटचे दोन पॅनल, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूबलर बॅटऱ्या (२४ व्होल्टची जोडणी), इन्व्हर्टर. दसऱ्याला पॅनल उभे करतो, होळीला पुन्हा पाडतो. अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात. स्वयंपाक निम्मा चुलीवर, निम्मा गॅसवर. सिलिंडर ढान्यापर्यंत जीपनं येतो, पुढे खांद्यावर.

मला विचारायचं आहे ते असं. आईंच्या खोलीत ऊब कशी ठेवायची? विजेवर काही शक्य आहे का? आणि आम्हा दोघांना सवयीमुळे दिसत नाही असं काही राहून जात असेल तर तेही सांगा.

मोबाइलची रेंज टाकीजवळच्या कट्ट्यावरच येते, दोन-तीन दिवसांनी उत्तर देईन. राग मानू नका.


धंतोली_तिसरी_गल्ली
१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

ताई, मी वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली, आता निवृत्त. तुमचा हिशेब मांडून देतो.

दोन बॅटऱ्या मिळून साठा साधारण ३.६ युनिटांचा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी १.८. त्यातही कारखान्यात क्षमता मोजतात ती २७ अंशांवर. ८-१० अंशांत तीच बॅटरी पंधरा-वीस टक्क्यांनी कमी भरते. दीड युनिट धरा. तुमच्या धारेमुळे पॅनलला चांगलं ऊन चार तास मिळत असेल, तर सगळी गळती वजा जाता दिवसाला पावणेदोन-दोन युनिट येतील.

आता खोली गरम करायचा १००० वॅटचा हीटर. रात्रीचे आठ तास म्हणजे आठ युनिट. विषय संपला. पंधरा लिटरची एक बकीट १२ अंशांवरून ४५ पर्यंत तापवायलाच अर्ध्या युनिटाहून जास्त लागतं. विजेवर ऊब आणायचा विचार सोडा. वीज उजेडाला, पंपाला आणि फोनला ठेवा. ऊब लाकूड आणि ऊन देतील.

तीन गोष्टी मात्र आजच करा.

तुमचा इन्व्हर्टर काहीही चालू नसताना किती खातो ते मोजा. १५ वॅट असेल तर चोवीस तासांत ३६० वॅट-अवर. दीड युनिटातले हे एवढे नुसतेच गेले. आईंच्या खोलीत आणि न्हाणीत थेट २४ व्होल्टवर चालणारे डीसी दिवे लावा आणि झोपताना इन्व्हर्टर बंद करा. रात्री त्या उठल्या तर दिवा लागलाच पाहिजे, इन्व्हर्टर असो-नसो.

दुसरं, थंडीत बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज जास्त द्यावा लागतो. चार्ज कंट्रोलरला तापमानाची वायर असते, ती बरेचदा पुडक्यातच राहते. ती बॅटरीच्या अंगाला चिकटवली आहे का बघा. नसेल तर हिवाळाभर बॅटरी अर्धपोटी राहते आणि आपण म्हणतो जुनी झाली.

तिसरं, बॅटऱ्या माणसं झोपतात त्या खोलीत नकोत. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीनं भडकतो. लाकडी पेटीत ठेवा, पेटीला वरून झरोका द्या.

सकाळी ऊन यायच्या आत, सगळं बंद असताना व्होल्टेज वाचून वहीत लिहा. २४.२ म्हणजे निम्मी उरली. त्याखाली सलग दोन सकाळी गेली तर वापर कमी करा.

पॅनल उभे केले ते कितीवर? डिसेंबरअखेर तुमच्याकडे भरदुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४४ अंशांपर्यंत चढतो. ३५-४० अंशांचा कल चांगला.


इतवारी_तीन_नळ
१४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, तुमच्या भावनेचा आदर ठेवून लिहितो. ७६ वर्षांच्या माऊलीला थंडीत तिथे कशाला न्यायचं? भाड्याचं घर लहान असलं तरी नागपुरात दवाखाना दहा मिनिटांवर आहे. माझे वडील मागच्या जानेवारीत पहाटे छाती दुखते म्हणाले. आम्ही पंधरा मिनिटांत पोचलो म्हणून आज ते आहेत. तिथून छिंदवाडा गाठायलाच दीड-दोन तास. हौस उन्हाळ्यात पुरवता येते.


रात्रपाळी
१५ नोव्हेंबर, पहाटे ५:०५

मी नर्स आहे, आत्ताच ड्यूटी संपली. इतवारीकर दादांची काळजी खरी आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, आणि हृदयविकाराचे पेशंट पहाटे-सकाळी जास्त येतात हे आम्ही दर हिवाळ्यात बघतो. म्हणून ताई, आधी आईंची तपासणी नागपुरातच करून घ्या. बीपी, साखर, ईसीजी. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कुठे आणि किती दिवस राहणार. औषधं दोन महिन्यांची नाही, अडीच महिन्यांची न्या.

तिथे गेल्यावर पहाटेची अंघोळ बंद. अकराला, ऊन न्हाणीवर आल्यावर. म्हाताऱ्या माणसांना थंडीत तहान लागत नाही, रात्री उठावं लागू नये म्हणूनही त्या पाणी टाळतात. दिवसाउजेडी मोजून पाणी द्या. गरम पाण्याची पिशवी चालेल, पण टॉवेलात गुंडाळून, आणि झोप लागायच्या आत काढून घ्यायची. साखर असेल तर पायाला चटका कळत नाही.

आणि शेगडी. ताई, तुम्ही तिचं नावही घेतलं नाही, म्हणून मुद्दाम विचारते. खोलीत कोळशाची शेगडी ठेवता का?


सांदवाडी
१७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धंतोलीकर काका, तापमानाची वायर खरंच पुडक्यात होती. तीन हिवाळे. काल लावली. इन्व्हर्टर १८ वॅट खातो. पॅनल ३० अंशांवर होते, आज स्टँडचं एक भोक वर घेतलं.

रात्रपाळी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण ते लिहायचं की नाही हेच ठरत नव्हतं.

हो, ठेवली होती. पहिल्या हिवाळ्यात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, कवेलूतून वारा यायचा म्हणून आम्ही महिनाभर आधी कवेलूखाली सगळीकडे ताडपत्री ताणली होती. खिडक्यांच्या फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. खोली छान कोंदट ऊबदार झाली होती. रात्री चुलीतले निखारे शेगडीत काढले आणि दार लावून झोपलो. मला जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून. ओकारी येईल असं वाटलं, उठायला गेले तर पायांत जीवच नव्हता. यांना हाक मारली, ते नुसतेच हूं म्हणाले. मी सरपटत दारापर्यंत गेले आणि कडी काढली. दाराशी पडून राहिले. थंड हवा आत आली, त्यानंतर किती वेळानं ते उठले ते मला सांगता येणार नाही. दोघंही सकाळपर्यंत अंगणात रजया घेऊन बसलो होतो. तेव्हापासून आमच्या घरात झोपायच्या खोलीत विस्तव जात नाही.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. आणि आई जुन्या वळणाच्या, शेगडी मागतील. म्हणूनच विचारत होते की ऊब कशी ठेवायची.

इतवारीकर दादा, तुमचं बरोबर आहे, आणि मी ते बाजूला सारणार नाही. पण आई दोन खोल्यांच्या घरात, अनोळखी वस्तीत दिवसभर एकट्या बसणार आहेत. दीर-जाऊ नोकरीवर, मुलं शाळेत. मोठं घर डोळ्यांसमोर पाडलं, त्यानंतर त्या फार गप्प झाल्या आहेत. हौस म्हणून नाही हो नेत. डॉक्टर नाही म्हणाले तर नाहीच आणणार.


रात्रपाळी
१७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. निखाऱ्यांतून निघणारा हा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. जागा असेल त्याला डोकेदुखी, मळमळ, चक्कर एवढं तरी कळतं. झोपलेल्याला काहीच कळत नाही. आणि कोळसा धूर करत नाही म्हणून लोकांना तो लाकडापेक्षा सुरक्षित वाटतो. उलट आहे. धुरानं माणूस खोकत बाहेर पळतो तरी.

सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. आईंच्या खोलीत एक लावा, चुलीच्या बाजूच्या खोलीत एक. तो असला म्हणून शेगडी चालेल असा अर्थ काढू नका.


मेळघाटी
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी बारा वर्षं मेळघाटात शिक्षक होतो, आता नागपुरात. ताईंच्या गोष्टीत मला एक फार महत्त्वाचं दिसलं ते लिहितो.

तिथले कोरकू आदिवासी घरात रात्रभर आगीजवळ झोपतात. लेकरं, म्हातारी, सगळी. मी स्वतः असा झोपलो आहे. तिथे कुणाला असं झालेलं मी पाहिलं नाही. कारण ते घर कुडाचं, वर कवेलू, आणि कवेलूमधून सगळी वाफ-धूर बाहेर जातो. पहाटे गावाकडे दुरून बघा, प्रत्येक छपरातून धूर झिरपताना दिसतो. धुरानं डोळे आणि छाती खराब होते हे आहेच, ते चांगलं म्हणत नाही. पण घर श्वास घेतं. आपण शहरातून जातो, पहिलं काम करतो ते फटी बुजवायचं. जुनं घर आणि जुनी आग एकमेकांना धरून होती. आपण त्यातलं घर बदललं आणि आग तीच ठेवली.

म्हणून माझा सल्ला: झोपायच्या खोलीत ताडपत्री राहू द्या, पण आग भिंतीच्या पलीकडे ठेवा. आईंची खोली स्वयंपाकघराला लागून असेल तर चूल त्या सामाईक भिंतीला टेकवून मांडा. तुमची भिंत जाड मातीची आहे. संध्याकाळी तीन तास चूल चालली की भिंत तापते आणि रात्री उशिरापर्यंत पलीकडे ऊब सोडते. चुलीवर धुराडं घ्या, कवेलूच्या वर दोन हात निघालं पाहिजे, आणि महिन्यातून एकदा काजळी झाडा. बाज त्या भिंतीला लावून टाका.

लाकडाचं आता बघा, उशीर झालाय. ओलं लाकूड निम्मी आग स्वतःला वाळवण्यात घालवतं. दोन लाकडं एकमेकांवर आपटा, टणक आवाज आला तर वाळलं, बद्द वाजलं तर नाही. धावडा मिळाला तर उत्तम, निखारा टिकतो. जंगलातून तोडू नका. तुमच्याकडे वन खात्याचा निस्तार डेपो (गावकऱ्यांना लाकूड देतात ते) असेल तिथे चौकशी करा. मोहाला तर कुणी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका, तिथल्या लोकांचं वर्ष त्या झाडावर आहे. घाणेरी मात्र हवी तेवढी उपटा, चूल पेटवायला छान, आणि जंगलाचंही भलं.

रचलेल्या लाकडाला जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, घराच्या भिंतीला चिकटवून नको. खाली विंचू आणि साप शिरतात. थंडीत घोणस उन्हाला येते, वाळक्या पानांत दिसत नाही. लाकूड दिवसाच काढा, काठीनं हलवून. आईंना तिकडे जाऊ देऊ नका.


काटोलचा_बागवान
१८ नोव्हेंबर, दुपारी १:००

मेळघाटी सरांनी भिंतीचं सांगितलं ते सोळा आणे. आमच्याकडे जुन्या वाड्यात आजीची बाज चुलीच्या भिंतीलाच असायची, आज कारण कळलं.

मी संत्र्याचा माणूस, मला पाल्याची, म्हणजे दव गोठून पीक जळतं त्याची, भीती माहीत आहे. ताई, सांदवाडी घराच्या वर आहे की खाली? थंड हवा जड असते, रात्री पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागी साचते. निरभ्र रात्र आणि वारा पडलेला असेल तर दोन वावरांत फरक पडतो, वरचं वाचतं, खालचं काळं होतं. आभाळ असलं की भीती नाही. ज्या संध्याकाळी वारा एकदम थांबेल त्या संध्याकाळी भाजीला पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. वरून तुराट्यांचा मांडव टाका, सकाळी काढा.

नळीचंही बघा. उघड्यावरची बारीक काळी नळी पहाटे गार पडते, बर्फ नाही झाला तरी ते पाणी हाताला लागू देण्यासारखं नसतं. उलट तीच नळी वेटोळी करून दुपारी उन्हात पत्र्यावर ठेवली तर भांड्यांपुरतं पाणी कोमट होतं. आम्ही गोठ्यात करतो.

आंबिया बहाराची संत्री चालू आहेत. आई येतील तेव्हा कळवा, सावनेरला एक पेटी तुमच्या गाडीत ठेवतो.


इतवारी_तीन_नळ
१८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ताई, तुम्ही शेगडीचं लिहिलंत ते वाचून माझा सूर बदलला. तरी एक विचारतो. आईंना रात्री दोन वाजता त्रास झाला, तर घरापासून गाडीपर्यंत कसं न्याल? हे एकदा प्रत्यक्ष करून पाहा, घड्याळ लावून.


सांदवाडी
२३ नोव्हेंबर, दुपारी २:५०

करून पाहिलं, दादा. तुमच्यामुळेच.

वेताच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. ढान्यातले चार जण आले, त्यांना पाठच आहे हे, बाळंतिणीला ते बाजेवर असंच उतरवतात. मी खुर्चीत बसले. रात्री आठ वाजता, टॉर्चवर. पंचवीस मिनिटं लागली. जीपवाल्याला रोज रात्री गाडी ढान्यातच लावायला सांगितलं आहे, दोन महिन्यांचे पैसे ठरवून. रेंजसाठी कट्ट्यावर चढायला सहा मिनिटं जातात, म्हणून ढान्याकडे टॉर्चनं तीन वेळा खूण करायची असं ठरलं. तिथल्या एका घराचं दार आमच्या बाजूलाच उघडतं, त्या घरच्या आजी म्हणाल्या, मला रात्रभर झोप नसतेच.

नागपुरात तपासणी झाली. बीपीची गोळी बदलली, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, नेऊ शकता, पण थंडीची लाट आली तर पहाटे बाहेर पडू देऊ नका.

चूल हलवली. हे काम चार दिवस चाललं. जुनी चूल फोडली, नवी सामाईक भिंतीला लावून घातली. ढान्यातल्या बाईंनी माती मळून दिली, भुसा आणि शेण घालून, आणि माझ्या हातून ओटा वाकडा होतोय हे पाहून स्वतःच बसल्या. लोखंडी धुराडं कवेलूतून वर काढलं. पहिल्या संध्याकाळी मी तीन तास मक्याच्या रोट्या, डाळ, पाणी असं काहीबाही चढवत राहिले आणि दर अर्ध्या तासानं पलीकडे जाऊन भिंतीला तळहात लावत होते. सातला गार. आठला वाटलं की भास आहे. साडेनऊला खरंच कोमट. रात्री एक वाजता उठून पाहिलं, तळहाताला अजून लागत होती. बाहेर ९ अंश, त्या खोलीत १६.

अलार्म दोन आणले. नागपुरातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या आधीच कामं उरकावीत म्हणून यांनी एका दिवसात सीताबर्डी, इतवारी, दोन्ही केलं. तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून आईंना आतून मऊ असलेला लांब स्वेटर घेतला. त्या विकणाऱ्या मावशी गोठणगावच्या वसाहतीतल्या निघाल्या. यांना म्हणाल्या, डोंगरावर पाय आणि डोकं झाका, मधलं आपोआप निभतं.

फ्रीज पंधरा तारखेपासून बंद केला. दूध रात्री जाळीच्या कपाटात छपरीत राहतं, दही मात्र लागत नाही. विरजण घातलेला गंज (पातेलं) आता चुलीच्या ओट्यावर, उरलेल्या ऊबेला ठेवते.


धंतोली_तिसरी_गल्ली
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

सात अंशांचा फरक, एकही युनिट न जाळता. उत्तम. एक राहिलं. कुणी तुम्हाला लिथियमची बॅटरी घ्या म्हणेल. चांगली असते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते, आतून कायमची बिघडते. तुमच्याकडे पहाटे पारा किती उतरतो ते या हिवाळ्यात नोंदवा, मग बोलू.


सांदवाडी
१ डिसेंबर, दुपारी ३:००

आई परवा आल्या. सिल्लेवानीचा घाट त्यांनी डोळे मिटून काढला. बागवान दादा, संत्र्यांची पेटी पोचली. सावनेरला तुम्ही स्वतः थांबला होतात हे आई सगळ्यांना सांगून राहिल्या आहेत.

खुर्चीतून वर आणलं तेव्हा त्या एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. वर आल्यावर पहिला प्रश्न, "शेगडी कुठं आहे गं?"

मग मी सांगितलं. सगळं, जसं इथे लिहिलं तसं. यांना वाटत होतं की घाबरतील. आई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी मोठी मावशी अशीच गेली. बाळंतघरात. तेव्हा लोक बाहेरचं झालं म्हणाले." त्यांनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. बाळंतिणीची खोली, दार-खिडकी बंद, खाटेखाली निखारे. आपल्याकडे किती घरांत हे झालं असेल. नंतर त्यांनी शेगडी मागितली नाही. भिंतीला पाठ लावून बसतात आणि म्हणतात, चूल पेटली वाटतं.


रात्रपाळी
१ डिसेंबर, रात्री ११:००

ताई, हे वाचून वॉर्डात थोडा वेळ नुसती बसून राहिले. बाळंतघरातली शेगडी अजूनही आहे. आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या सासूला आम्ही घरी जाताना हे सांगतो, यापुढे मी आणखी थांबून सांगेन.

आई पाणी पितात का नीट?


सांदवाडी
१२ डिसेंबर, दुपारी २:४०

पितात. सकाळी एक गडवा भरून उन्हात ठेवते, दुपारपर्यंत तो रिकामा करायचा असं ठरलंय.

परवा पहाटे पाला पडला. आदल्या संध्याकाळी वारा एकदम थांबला, बागवान दादांचं आठवलं. पाणी दिलं, तुराट्या टाकल्या. खालच्या वाफ्यावर पुरल्या नाहीत. सकाळी तिथला सगळा सांबार (कोथिंबीर) काळा पडलेला, भेद्रांची (टोमॅटोची) पानं उकडल्यासारखी. वरचे दोन वाफे वाचले, वालाच्या शेंगा आहेत. आईंनी काळा पडलेला सांबार निवडून त्यातली हिरवी पानं काढली आणि वड्या करायला बसल्या. छपरीत पहाटे सहाला ३ अंश, आईंच्या खोलीत १४. त्या दिवशी त्यांना साडेनऊपर्यंत उठू दिलं नाही.

आता दिवस असा जातो. नऊला ऊन अंगणाच्या कडुलिंबाखाली येतं, तिथे बाज. अकराला न्हाणीवर, अंघोळ. बाराला छपरीच्या आत शिरतं. सूर्य खाली असल्यानं या दिवसांत ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतं, जूनमध्ये उंबऱ्यालाही शिवत नाही. एक ते दोन पंप, कारण तेव्हा बॅटरी भरत आलेली असते. दोनला बाज पूर्वेच्या कोपऱ्यात, शेवटचं ऊन तिथे असतं. आई फल्लीदाणे सोलतात, तुरीचे सोले काढतात. ढान्यातल्या आजी वर चढून येतात, दोघी बसतात. एकीची मराठी, दुसरीची गोंडीमिश्रित हिंदी. परवा आजींनी कुटकीची पेज आणली आणि आईंनी त्यांना जवसाची चटणी दिली. यांना माझ्या खडूच्या खुणा बघायची गरज पडत नाही, बाज कुठे आहे ते पाहून पंप लावतात.

रविवारी भरीत-रोडगे केले. गोवऱ्यांच्या आरात भाजले, अंगणात, उघड्यावर. त्या रात्री आभाळ फार स्वच्छ होतं. आईंना दोन रजया गुंडाळून दहा मिनिटं बाहेर बसवलं, त्यांचाच हट्ट होता. पूर्वेला मृग वर आला होता, खाली व्याध. महालात वाड्याच्या गच्चीवरून सासरे दाखवायचे म्हणाल्या. नंतर चौकात उजेड वाढला आणि दिसेनासं झालं.


इतवारी_तीन_नळ
१२ डिसेंबर, रात्री ९:४०

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. वडिलांना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवतो. ते विचारून राहिले आहेत, धुराडं कितव्या दिवशी झाडलं?


सांदवाडी
१६ डिसेंबर, दुपारी ३:२५

काकांना सांगा, चोविसाव्या दिवशी. मूठभर काजळी निघाली, महिनाभर थांबून चाललं नसतं. आता तीन आठवड्यांनी झाडणार.

आज सकाळी व्होल्टेज २४.५. दोन दिवस आभाळ होतं तेव्हा २४.३ पर्यंत उतरलं, त्याखाली नाही. लॅपटॉप दोन दिवस उघडला नाही, बाकी सगळं चाललं. लाकडाची एक रांग संपली, दोन आहेत, संक्रांतीपर्यंत पुरतील. पुढचं लाकूड डेपोतून मंगळवारी येतंय, ते पुढच्या वर्षासाठी रचून ठेवणार.

धारेची सावली टाकीपर्यंत आली. खाली जाते, बाज आत घ्यायची आहे.